गोठ्यावरचा दिवा मधेच का जातो?
बाहेरच्या दिव्यातील बिघाड ओळखण्याची पद्धत आणि घ्यावयाची काळजी



या पत्रिकेतून आपण नेहमी बियाणे, खतमात्रा, फवारणी आणि जनावरांचे आजार यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे, पण तो रोजच्या कामातलाच आहे. गोठ्याच्या दारावर, ट्रॅक्टरच्या शेडवर किंवा खळ्याच्या खांबावर आपण दिवा लावतो. तो संध्याकाळी चांगला लागतो आणि मधेच जातो. कधी पंधरा मिनिटांनी आपला आपण येतो. कधी पावसाची सर आली की जातो, तर कधी शेजारी कडबाकुट्टी सुरू केली की मालवतो. मग आपण बल्ब बदलतो. दोन दिवस बरे चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एका दिव्याचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. पण पहाटेची धार त्याच उजेडात काढायची असते. रात्री-अपरात्री गाय विते, तेव्हा तोच दिवा लागतो. रात्रपाळीचे पाणी धरून घरी येताना साप-विंचू दिसतो तो याच दिव्यामुळे. शिवाय बाहेरचा दिवा विनाकारण जात नाही. कोठे तरी जोड सैल झालेला असतो, पाणी शिरलेले असते किंवा वीज नको त्या वाटेने जात असते. ओला गोठा, लोखंडी खांब, पत्र्याचे छप्पर आणि बांधलेली जनावरे असलेल्या जागी अशी वाट चुकलेली वीज जीव घेते. म्हणून दिवा का जातो हे कळलेच पाहिजे.

पिकाचा रोग ओळखतो तसा दिव्याचा बिघाड ओळखावा

पान पिवळे पडले म्हणून लगेच युरिया टाकणारा शेतकरी फसतो. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता असू शकते. शेंड्याची नवी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची. पिवळेपणा तोच, पण तो कोठे आणि केव्हा दिसला यावरून कारण निघते. दिव्याचेही तसेच आहे. "दिवा जातो" एवढ्यावरून काही कळत नाही. तो केव्हा जातो, किती वेळाने येतो आणि त्या वेळी आजूबाजूला काय चाललेले असते, हे पाहिले की निम्मे काम होते. ते न पाहता बल्बमागून बल्ब बदलणे म्हणजे दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला.

म्हणून पहिले काम असे करा. आठवडाभर एका कागदावर नोंद ठेवा. दिवा किती वाजता लावला, किती वाजता गेला, आपोआप आला की बटण दाबावे लागले, घरातले दिवे चालू होते का, पाऊस, वारा किंवा दव होते का, मोटार किंवा कडबाकुट्टी चालू होती का, एवढे लिहा. याला पैसा लागत नाही. वायरमन आला की हा कागद त्याच्या हातात द्या. त्याचे दोन तास वाचतील आणि तुमची दोन तासांची मजुरी.

प्रथम पाहा : फक्त हाच दिवा जातो की सगळीच वीज जाते?

दिवा गेला की आधी घरात डोकावा, मग शेजाऱ्याला विचारा. घरातले आणि शेजारचेही दिवे गेले असतील तर दोष तुमच्या गोठ्यात नाही. डीपीवरचा फ्यूज गेला असेल किंवा लाइन बंद असेल.

वस्तीवर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. गावठाणाचा फीडर आणि शेतीपंपाचा फीडर बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. शेतीपंपाच्या फीडरवर वीज ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे येते, कधी दिवसा तर कधी रात्री. तुमच्या गोठ्याचा दिवा त्या फीडरवर असेल तर वेळ संपताच तो जाणारच. नोंदीच्या कागदावर रोज तीच वेळ येत असेल तर वायर उकरण्याआधी फीडरचे वेळापत्रक पाहा. शेतीपंपाच्या जोडणीतून गोठ्याला आणि घराला तार ओढणे नियमात बसत नाही. त्यासाठी वेगळी जोडणी मागावी. तोपर्यंत बॅटरीवर चालणारा किंवा सौर दिवा हाताशी ठेवावा.

घरातले सगळे दिवे चालू आहेत आणि बाहेरचाच गेला, असे असेल तर दोष मेन बोर्डापासून त्या दिव्यापर्यंतच्या वाटेत आहे. मग पुढे वाचा.

फ्यूज जळाला आहे की शाबूत आहे?

दुसरा प्रश्न हा. बोर्डावरचा फ्यूज जळाला किंवा एमसीबीचा खटका खाली पडला असेल तर वाटेत जास्त वीज ओढली गेली आहे.

आता थोडा हिशेब करू. २० वॅटचा एलईडी दिवा २३० व्होल्टवर जेमतेम ०.१ अँपिअर वीज घेतो. ५ अँपिअरच्या फ्यूजवर असे कितीतरी दिवे चालतील. म्हणजे एकट्या दिव्याच्या भाराने फ्यूज कधीच जळणार नाही. तो जळतो याचा अर्थ दोनांपैकी एक. एक तर त्याच तारेवर कडबाकुट्टी, पाणी तापवायचा हीटर यांसारखा मोठा भार आहे. नाही तर दोन तारा कोठे तरी एकमेकींना किंवा लोखंडाला चिकटत आहेत. बाहेरच्या दिव्यात हे बहुतेक तीन ठिकाणी होते. पहिले ठिकाण होल्डर. दुसरे, तार भिंतीतून बाहेर पडते ते भोक. तिसरे, उंदराने कुरतडलेला किंवा पत्र्याच्या कडेने कापला गेलेला तारेचा भाग.

इथे एक फार वाईट सवय आहे, तिच्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. फ्यूज वारंवार जळतो म्हणून आपण त्यात जाड तार घालतो. कोणी वायरमधले पाच-सात पदर पिळून बसवतो. ५ अँपिअरच्या फ्यूजची कलई केलेली तांब्याची तार ०.२० मिलिमीटर जाडीची असते आणि १५ अँपिअरची ०.५० मिलिमीटर. ०.८५ मिलिमीटरची तार घातली तर तो फ्यूज ३० अँपिअरचा झाला. मग फ्यूज जळत नाही, त्याऐवजी भिंतीतली वायर जळते. त्या वायरीखाली कडबा रचलेला असेल तर पुढचे सांगायला नको. फ्यूज हा घरचा राखण्या कुत्रा आहे. तो भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधू नये, तो कोणावर भुंकतो ते पाहावे.

फ्यूज शाबूत आहे, पण दिवा जातो आणि येतो

हा प्रकार सर्वांत जास्त त्रास देतो. यात वेळ आणि प्रसंग पाहून कारण ओळखावे.

१) *लावल्यावर दहा-वीस मिनिटांनी जातो, थंड झाला की येतो.* ही उष्णतेची खूण आहे. एलईडी बल्बच्या बुडाशी एक लहान यंत्रणा असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. बल्ब बंद काचेच्या हंडीत किंवा तापलेल्या पत्र्याला चिकटून लावला तर तिची उष्णता बाहेर पडत नाही. शिवाय एलईडीचे दाणे लग्नातल्या दिव्यांच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. त्यांतल्या एका दाण्याचा टाका तडकला असेल तर तो तापल्यावर सुटतो आणि सगळाच दिवा मालवतो. थंड झाला की टाका पुन्हा टेकतो आणि दिवा लागतो. परीक्षा सोपी आहे. मेन बंद करून तो बल्ब काढा आणि घरातल्या होल्डरवर तासभर लावून पाहा. तिथेही जात असेल तर दोष बल्बचा. तिथे नीट चालला तर दोष बाहेरच्या जागेचा किंवा होल्डरचा.

जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याचीही अशी एक खोड असते. आयुष्य संपत आले की तो लागतो, पूर्ण तापतो, जातो आणि निवला की पुन्हा लागतो. असा दिवा बदलण्याच्या लायकीचा झाला असे समजावे. चांगल्या सोडियम दिव्यालाही वीज क्षणभर गेली तर निवेपर्यंत काही मिनिटे लागता येत नाही. तो बिघाड नव्हे.

२) *वारा सुटला की लुकलुकतो किंवा जातो.* जोड सैल आहे. घरापासून गोठ्यापर्यंत तार अधांतरी ओढलेली असेल आणि वाऱ्याने झोके खात असेल तर दोन्ही टोकांचे जोड हळूहळू सुटतात. नुसती तारेला तार पिळून वर काळी पट्टी गुंडाळलेला जोड उन्हा-पावसात एक-दोन वर्षांतच कामातून जातो. अॅल्युमिनिअमची तार आणि तांब्याची तार थेट एकमेकींना पिळलेली असेल तर तो जोड आणखी लवकर बिघडतो. ओल लागली की या दोन धातूंमध्ये गंज धरतो, जोड तापतो आणि ढिला पडतो. सैल जोडात ठिणगी पडते, हे विसरू नका. खाली सोयाबीनचा भुसा किंवा कडबा असेल तर ती ठिणगी पुरेशी आहे.

३) *पाऊस किंवा दव पडले की जातो, ऊन पडले की बरा होतो.* आत पाणी शिरते आहे. तार वरून उतरून सरळ होल्डरच्या तोंडात गेली असेल तर पावसाचे पाणी तारेवरून ओघळत नेमके आत जाते. आडवा नळीचा पाइप असेल तर त्यात पाणी साचून राहते. भिंगाच्या कडेचा रबर कडक झाला असेल तर दिव्याच्या आत धुके दिसते. सकाळी दिवा उतरवून पाहिला तर आत पाण्याचे थेंब, मेलेले किडे किंवा मुंग्यांची माती सापडते.

गोठ्यात आणखी एक शत्रू असतो. मूत आणि शेण कुजून जो डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो, तो अमोनिया. तो पितळ आणि तांबे खातो. गोठ्यातल्या पितळी होल्डरवर आणि तारेच्या टोकांवर हिरवट थर चढलेला तुम्ही पाहिला असेल. त्या थरातून वीज नीट जात नाही. म्हणून घरात दहा वर्षे टिकणारा होल्डर गोठ्यात फार आधी निकामी होतो. गोठ्यात चिनी मातीचा किंवा चांगल्या प्रतीचा प्लास्टिकचा बंद होल्डर वापरावा आणि हवा खेळती ठेवावी. हवा जनावरांनाही हवीच असते.

४) *मोटार किंवा कडबाकुट्टी सुरू केली की जातो.* इथे व्होल्टेज उतरते आहे. ठिबकची नळी फार लांब आणि बारीक घेतली तर शेवटच्या ड्रिपरला दाब मिळत नाही, तसेच हे. घरापासून गोठा ६० मीटर लांब धरा. वीज जाऊन परत यायची म्हणून तारेची लांबी १२० मीटर झाली. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असेल तर १० अँपिअरच्या भाराला सुमारे २२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. २.५ चौरस मिलिमीटरची तार असेल तर सुमारे ९ व्होल्ट. हे चालू मोटारीचे झाले. सुरू होतानाच्या क्षणी मोटार याच्या कितीतरी पट वीज ओढते, त्यामुळे तेवढा वेळ दिव्याकडे जाणारे व्होल्टेज आणखी खाली येते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात सहा टक्के कमी-जास्त नियमात धरलेले आहे, म्हणजे साधारण २१६ ते २४४. डीपीपासून दूरच्या वस्तीवर आधीच व्होल्टेज कमी, त्यात बारीक तार, मग दिवा टिकणार कसा? उपाय असा की कडबाकुट्टीला बोर्डापासून वेगळी, पुरेशा जाडीची तार टाकावी आणि दिव्याची तार वेगळी ठेवावी.

५) *अंधार पडताना सारखा लागतो-विझतो, किंवा ट्रॅक्टरचा उजेड पडला की जातो.* दिव्याला उजेड ओळखणारा डोळा, म्हणजे सेन्सर, बसवलेला असेल तर हे होते. अंधार झाला की तो दिवा लावतो. पण दिव्याचा स्वतःचाच उजेड पांढऱ्या भिंतीवरून किंवा नव्या पत्र्यावरून परतून त्याच्यावर पडला तर त्याला वाटते दिवस उगवला, आणि तो दिवा विझवतो. सेन्सरचे तोंड दिव्यापासून आणि रस्त्यापासून दुसरीकडे, मोकळ्या आकाशाकडे फिरवावे. हालचाल ओळखणारा सेन्सर असेल तर माणूस स्वस्थ बसून धार काढू लागला की ठरलेल्या वेळाने दिवा जातो. त्याच्यावर वेळ वाढवण्याची लहान चकती असते, ती फिरवावी. सेन्सरच्या काचेवरची धूळ आणि कोळ्याचे जाळेही पुसावे.

६) *जाण्याआधी एकदम भगभगीत होतो, आणि घरातले काही दिवे मंद, काही प्रखर होतात.* ही सर्वांत धोक्याची खूण आहे. न्यूट्रलची तार सुटली किंवा सैल झाली आहे. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल तुटला तर २३० व्होल्टच्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. टीव्ही, फ्रिज, पंखे त्यात जळतात. अशा वेळी कारण शोधत बसू नका. मेन स्विच ताबडतोब बंद करा आणि महावितरणच्या लाइनमनला किंवा १९१२ या क्रमांकावर कळवा.

टेस्टरबद्दल दोन शब्द. होल्डरपाशी टेस्टर लागतो आणि बल्ब मात्र लागत नाही, असे झाले की आपण चक्रावतो. टेस्टर फक्त फेज दाखवतो. परतीची वाट, म्हणजे न्यूट्रल, शाबूत आहे की नाही हे तो सांगत नाही. टेस्टर लागून दिवा लागत नसेल तर बल्ब तरी गेला आहे किंवा न्यूट्रल तरी सुटला आहे. आणि टेस्टर लागला नाही म्हणून तार मेलेली आहे असेही समजू नका. टेस्टर खराब असू शकतो. आधी चालू प्लगवर लावून त्याची खात्री करा.

जनावरे काय सांगतात ते ऐका

बिघाडाची वर्दी कधी कधी दिव्याआधी जनावर देते. म्हैस हौदावर येते, पाण्याला तोंड लावताच दचकून मागे सरते. गाय गव्हाणीच्या लोखंडी नळीला टेकत नाही. धारेच्या वेळी लाथा झाडते, दूध चोरते. आपण म्हणतो खोड लागली, कोणाची दृष्ट लागली. पण सगळीच जनावरे एका विशिष्ट जागीच असे करत असतील तर तिथे वीज उतरते आहे का ते आधी पाहा. तुमच्या पायांत रबरी चप्पल असते, त्यामुळे तुम्हाला काहीच जाणवत नाही. जनावर ओल्या जमिनीवर चार पाय टेकून उभे असते. त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत बरेच अंतर असते आणि वीज त्याच्या काळजावरून जाऊ शकते. म्हणून माणसाला झिणझिण्या आणणारा झटका गाई-म्हशीचा जीव घेऊ शकतो. दुभती म्हैस गेली तर वर्षाचे गणित कोलमडते.

"आमच्याकडे अर्थिंग आहे," असे पुष्कळजण सांगतात. अर्थिंग हवेच, पण ते एकटे पुरत नाही. हिशेब पाहा. अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षे कोरडा पडून त्याचा रोध ५० ओहम झाला असेल आणि फेजची तार पत्र्याला लागली, तर २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर वीज जमिनीत जाईल. ५ अँपिअरचा फ्यूज तेवढ्याने जळणार नाही. पत्रा आणि खांब मात्र वीजभारित राहतील.

यावर उपाय म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा खटका. त्याला आरसीसीबी म्हणतात, काहीजण ईएलसीबीही म्हणतात. जाणारी वीज आणि परत येणारी वीज यांचा तो हिशेब ठेवतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडतो. गोठ्याच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा असा खटका बसवावाच. त्यावरचे चाचणीचे लहान बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. बटण दाबल्यावर तो पडला तर ठीक, न पडला तर बदलावा.

पावसाळ्यात हा खटका वारंवार पडू लागला की काहीजण त्याला बाजूला काढून थेट तार जोडतात. असे करणे म्हणजे बांध फुटला म्हणून पाणी मोजायची पट्टी काढून टाकणे. खटका पडतो कारण गळती आहे. ती शोधायची रीत अशी. सगळी बटणे आणि सर्व लहान एमसीबी बंद करून खटका वर करा. मग एकेक लाइन चालू करत जा. ज्या लाइनला तो पडेल तिथे गळती. सगळ्या लाइनी बंद असतानाही पडत असेल तर न्यूट्रलची तार कोठे तरी जमिनीला किंवा लोखंडाला लागली असण्याचा संभव आहे. ते काम वायरमनकडे सोपवा.

बाहेरचा दिवा कसा लावावा?

दुरुस्ती करायचीच तर एकदा नीट करावी. वायरमनशी बोलताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

तार : घरात वापरायची साधी वायर बाहेर उन्हात टिकत नाही. बाहेरच्या वापराची, जाड आवरणाची केबल घ्यावी. अधांतरी न्यायची असेल तर जस्ताच्या तारेचा आधार देऊन त्याला ती बांधावी आणि कडब्याची गाडी खालून जाईल इतकी उंच ठेवावी. जमिनीतून न्यायची असेल तर चिलखती केबल नांगराचा फाळ किंवा कुदळ पोचणार नाही इतकी खोल पुरावी, वाळूचा थर द्यावा आणि वर विटा लावाव्यात. पत्र्यावरून किंवा ओल्या वाशावरून उघडी वायर कधीही नेऊ नये.

जोड : मधे जोड नसलेला सर्वांत चांगला. घ्यावाच लागला तर झाकण असलेल्या डबीत, स्क्रूच्या कनेक्टरने घ्यावा. तार डबीत खालच्या बाजूने न्यावी. आत जाण्याआधी तारेला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाण्याचा थेंब झोळाच्या तळाशी येऊन गळून पडतो, आत जात नाही.

दिवा : बाहेरच्या दिव्यावर "आयपी ६५" असे लिहिलेले असावे. यातला ६ म्हणजे आत धूळ जात नाही आणि ५ म्हणजे कोठूनही पाण्याची धार आली तरी बाधत नाही. दिवा जनावराचे शिंग आणि वैरणीचा भारा पोचणार नाही इतका उंच लावावा. कडबा आणि दिवा यांत भरपूर अंतर ठेवावे.

बटण : बटण फेजच्या तारेवरच हवे. ते न्यूट्रलवर बसले असेल तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये वीज राहते आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. बटण बंद असताना एलईडी मंद मिणमिणत असेल तर बटण न्यूट्रलवर असण्याची शंका घ्यावी आणि तपासून घ्यावे.

अर्थिंग : अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप जमिनीत उभा पुरून, भोवती कोळसा आणि मीठ घालून खड्डा करावा. उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहावे. दिव्याची लोखंडी पेटी, खांब आणि पत्र्याचा सांगाडा त्याला जोडून घ्यावा.

सौर दिवा मध्यरात्रीच जात असेल तर आधी त्याची पाटी पुसा. धूळ, पक्ष्यांची विष्ठा किंवा वाढलेल्या झाडाची सावली यांमुळे बॅटरी पूर्ण भरत नाही. पाटी स्वच्छ असूनही दिवा रोज लवकर जात असेल तर बॅटरी जुनी झाली आहे.

कोणते काम आपण करावे, कोणते करू नये?

आपण करावे : नोंद ठेवणे. मेन बंद करून बल्ब बदलणे. दिवा व सेन्सर पुसणे. तारेला लागणाऱ्या फांद्या, लाइन बंद असताना, छाटणे. आरसीसीबीची चाचणी घेणे. ही कामे दिवसा, कोरड्या पायांनी, लाकडी स्टुलावर उभे राहून करावीत. मेन बंद केल्यावर तिथे घरातले एक माणूस उभे करावे, म्हणजे कोणी चुकून चालू करणार नाही.

आपण करू नये : डीपीला किंवा खांबाला हात लावणे. डीपीवरचा फ्यूज स्वतः घालणे. आकडा टाकणे. पावसात किंवा ओल्या हाताने होल्डर उघडणे. फ्यूजमध्ये जाड तार घालणे. आरसीसीबी बाजूला काढणे. जोड, अर्थिंग आणि नवीन तार ही कामे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावीत.

आणि एक गोष्ट घरातल्या लहानथोरांना सांगून ठेवा. जनावर किंवा माणूस विजेला चिकटले तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन बंद करायचा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने तार बाजूला करायची. मात्र खांबावरची मोठी लाइन तुटून पडली असेल तर काठीनेही जवळ जाऊ नये, लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत सर्वांना लांब ठेवावे. माणूस मोकळा झाल्यावर श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यावर जोराने, भरभर दाब देत राहावे आणि १०८ ला फोन करावा. गोठ्यात मृत्यू अनेकदा एकटा येत नाही. म्हशीला वाचवायला धनी धावतो, धन्याला ओढायला मुलगा धावतो, आणि मेन मात्र चालूच असतो. म्हणून मेन स्विच कोठे आहे आणि तो कसा बंद करायचा, हे घरातल्या प्रत्येक बाईमाणसाला आणि कळत्या मुलाला दाखवून ठेवा.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) दिवा केव्हा जातो याची आठवडाभर नोंद ठेवा.
२) सगळी वीज गेली तर दोष पुरवठ्याचा. एकच दिवा गेला तर दोष आपल्या वाटेतला.
३) तापून जातो तो उष्णतेने, वाऱ्याने जातो तो सैल जोडाने, पावसाने जातो तो पाणी शिरल्याने, मोटारीने जातो तो बारीक तारेने.
४) दिवे काही मंद, काही प्रखर झाले की मेन लगेच बंद.
५) फ्यूजची तार जाड करू नका, आरसीसीबी काढू नका.
६) जनावर एका जागी दचकत असेल तर आधी वीज तपासा.

पावसाळा सुरू होण्यापूर्वी, मृग नक्षत्राच्या आधी, एक दिवस या कामासाठी काढा. बियाणे-खताची जुळवाजुळव आपण त्याच दिवसांत करतो, औत-अवजारे दुरुस्त करतो. त्याच वेळी वायरमनला बोलावून गोठ्याची लाइन, जोड आणि अर्थिंग तपासून घ्या. आणि तुमच्याकडचा दिवा वर सांगितलेल्यांपेक्षा वेगळ्याच रीतीने जात असेल तर नोंदीच्या कागदासह कार्यक्रमाकडे कळवा. पुढच्या भागात त्याचा विचार करू.